कॉलेज खेळाडू, फौजदारी खटले आणि न संपणाऱ्या तारखा : अमेरिकेतल्या उशिराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा) हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. त्याच सुमारास कुठल्या तरी विद्यापीठाच्या खेळाडूवरचा जुना खटला पुन्हा पुढे ढकलला गेल्याची बातमी हमखास येते. तिकडे शिकणारी, नोकरी करणारी मराठी मंडळी मग विचारतात: एवढा पैसा, एवढी यंत्रणा, घटनेतच लिहिलेला हक्क, तरी खटला चार-चार वर्षं का रेंगाळतो? नेहमी येणाऱ्या अशा प्रश्नांची ही उत्तरं.

उशीर म्हणजे नेमका कुठला उशीर?

गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘खटला लांबला’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन वेगळे काळ असतात. तक्रार दिल्यापासून आरोप ठेवला जाईपर्यंतचा पहिला. आरोप ठेवल्यापासून निकाल लागेपर्यंतचा दुसरा. निकालानंतर अपिलात जाणारा तिसरा.

घटनेतला लवकर खटल्याचा हक्क यातला फक्त दुसरा काळ मोजतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये मॅरियन खटल्यात स्पष्ट केलं, की हा हक्क अटकेपासून किंवा औपचारिक आरोपापासून सुरू होतो. त्याआधी पोलिसांनी फाइल वर्षभर कपाटात ठेवली, तर तो काळ या हिशेबात धरलाच जात नाही. गुन्हा घडल्यापासून किती वर्षांत आरोप ठेवायला हवा, ही कालमर्यादा तेवढी असते, आणि गंभीर गुन्ह्यांत ती बरीच लांब असते किंवा नसतेच.

खेळाडूंच्या प्रकरणांत सगळ्यात जास्त नुकसान या न मोजल्या जाणाऱ्या पहिल्या काळात होतं, असं माझं मत आहे. कॅमेऱ्यांचं चित्रण पुसलं जातं, साक्षीदार पदवी घेऊन गावी जातात, फोन बदलले जातात. पुढे कोर्ट कितीही वेगाने चाललं तरी ते भरून येत नाही.

पण लवकर खटल्याचा हक्क तर अमेरिकेच्या घटनेतच आहे ना?

आहे. १७९१ पासून, सहाव्या घटनादुरुस्तीत. मात्र ‘लवकर’ म्हणजे किती दिवस, हे घटनेत लिहिलेलं नाही. संघराज्याच्या न्यायालयांसाठी १९७४ चा कायदा आहे: अटकेपासून ३० दिवसांत आरोपपत्र, आणि त्यानंतर ७० दिवसांत खटला सुरू. पण बचाव पक्षाचे अर्ज, मानसिक तपासण्या, न्यायाधीशांनी ‘न्यायाच्या हितासाठी’ दिलेली तहकुबी असे कितीतरी दिवस या मोजणीतून वगळले जातात. शिवाय खेळाडूंवरची बहुतेक प्रकरणं राज्यांच्या न्यायालयांत चालतात आणि प्रत्येक राज्याचा नियम वेगळा.

मोजायचं कसं, हे १९७२ च्या बार्कर विरुद्ध विंगो या निकालाने ठरवलं. त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. केंटकी राज्यात १९५८ मध्ये एका वृद्ध दांपत्याचा खून झाला. आरोपी दोन. सरकारी वकिलांना वाटलं, आधी पहिल्याला दोषी ठरवू आणि मग त्याचीच साक्ष बार्करविरुद्ध वापरू. पहिल्यावरचा खटला सहा वेळा चालवावा लागला. तोवर बार्करचा खटला १६ वेळा पुढे ढकलला गेला आणि पाच वर्षांनंतर, १९६३ मध्ये उभा राहिला. तरी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या हक्काचा भंग झाला नाही असं ठरवलं. कारण पहिल्या ११ तहकुब्यांना त्याने हरकतच घेतली नव्हती. सहआरोपी सुटला तर आपणही सुटू, या आशेवर तो बसला होता.

तेव्हापासून न्यायालयं चार गोष्टी तोलतात: उशीर किती झाला, का झाला, आरोपीने लवकर खटल्याची मागणी केली का, आणि उशिरामुळे त्याचं नुकसान काय झालं. त्या निकालातच म्हटलं आहे की उशीर पुष्कळदा आरोपीच्या पथ्यावर पडतो. आणि हक्काचा भंग झालाच, तर उपाय एकच: खटला कायमचा काढून टाकणं. इतकं टोकाचं पाऊल उचलायला न्यायाधीश कचरतात, म्हणून भंग झाल्याचा निष्कर्ष क्वचितच निघतो.

खरोखर लांबलेलं एखादं उदाहरण?

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट विद्यापीठ. २३ जून २०१३ च्या पहाटे वसतिगृहात बेशुद्धावस्थेतल्या एका विद्यार्थिनीवर सामूहिक अत्याचार झाला. उघडकीला आला तो योगायोगाने. वसतिगृहाच्या एका दाराची मोडतोड कुणी केली हे पाहायला कर्मचाऱ्यांनी सीसीटीव्हीचं चित्रण काढलं, तर त्यात फुटबॉल संघातले खेळाडू त्या मुलीला खोलीकडे नेताना दिसले. विद्यापीठाने पोलिसांना कळवलं आणि चार खेळाडूंना संघातून काढलं. ऑगस्टमध्ये ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) चौघांवर आरोप ठेवले. म्हणजे पहिला काळ इथे दोन महिन्यांचाही नव्हता. चित्रण होतं, फोनवरचे फोटो-व्हिडिओ होते, एक सहआरोपी साक्ष द्यायला तयार होता. एवढं असताना लवकर निकाल लागायला हवा, असं कुणालाही वाटेल.

पहिला निकाल आला जानेवारी २०१५ मध्ये. कोरी बेटी आणि ब्रँडन व्हँडेनबर्ग दोघेही दोषी. मग कळलं की ज्युरीचा प्रमुखच पूर्वी एका लैंगिक गुन्ह्यातला पीडित होता आणि निवडीच्या वेळी त्याने ते सांगितलं नव्हतं. न्यायाधीश माँटे वॉटकिन्स यांनी जून २०१५ मध्ये तो निकाल रद्द केला. घटनेला तेव्हा बरोबर दोन वर्षं झाली होती आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

पुढे आरोपींचे खटले वेगवेगळे चालले. बेटी एप्रिल २०१६ मध्ये पुन्हा दोषी ठरला, १५ वर्षांची शिक्षा. व्हँडेनबर्ग त्याच वर्षी जूनमध्ये, १७ वर्षं. तिसऱ्या खेळाडूचा खटला जून २०१७ मध्ये झाला, १५ वर्षं. साक्ष देणाऱ्या चौथ्याने २०१८ मध्ये गुन्हा कबूल करून १० वर्षांचं परिवीक्षाबंधन (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणं) घेतलं. घटना २०१३ ची, शेवट २०१८ चा. एकाच रात्रीबद्दल चार वेळा ज्युरी बसली.

यात कुणी मुद्दाम वेळ काढला असं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण निवडलं. एका ज्युररच्या लपवाछपवीने सव्वा वर्ष गेलं. खटले वेगळे करण्यात आणखी दीड-दोन वर्षं गेली, आणि वेगळे करणं आरोपींच्या दृष्टीने न्याय्यच होतं. प्रत्येक पाऊल नियमाला धरून होतं. त्यांची बेरीज मात्र पाच वर्षं झाली.

आणि जिथे आरोपच ठेवला गेला नाही असं?

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (मैदानावर संघाचा डाव चालवणारा खेळाडू) जेमिस विन्स्टन याचं प्रकरण. आधी एक गोष्ट ठळक सांगायला हवी: त्याच्यावर कधीही फौजदारी आरोप ठेवला गेला नाही, आणि जे घडलं ते संमतीने घडलं हेच त्याचं म्हणणं कायम राहिलं. इथे बोलायचंय ते तपासाबद्दल.

विद्यार्थिनीने तक्रार दिली डिसेंबर २०१२ मध्ये, तेव्हा तिला नाव माहीत नव्हतं. जानेवारी २०१३ मध्ये वर्गात तिने त्याला ओळखलं आणि टॅलाहॅसी पोलिसांना नाव दिलं. पोलिसांनी त्याला गाठण्याचा प्रयत्न केला तो फोनवरून. त्याने वकील केला. बारमधल्या कॅमेऱ्यांचं चित्रण पोलिसांनी मिळवलं नाही. फेब्रुवारीत फाइल निष्क्रिय ठरवली गेली. सरकारी वकील विली मेग्ज यांच्यापर्यंत प्रकरण पोहोचलं थेट नोव्हेंबरमध्ये, तेही वृत्तपत्रांनी कागदपत्रं मागितल्यावर. विन्स्टनचा डीएनए नमुना तेव्हा घेतला गेला, नाव मिळाल्यानंतर दहा महिन्यांनी.

५ डिसेंबर २०१३ ला मेग्ज यांनी जाहीर केलं की खटला उभा राहील इतका पुरावा नाही. १४ डिसेंबरला विन्स्टनला कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइजमन ट्रॉफी मिळाली. जानेवारीत त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. विद्यापीठाची चौकशी २०१४ च्या डिसेंबरात झाली, माजी न्यायमूर्तींपुढे, आणि तिथेही तो दोषी ठरला नाही. पुढे २०१६ च्या सुरुवातीला विद्यापीठाने त्या विद्यार्थिनीचा दावा ९ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटवला, चूक मान्य न करता.

काय घडलं हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. चोख तपास पहिल्या आठवड्यातच झाला असता तर कदाचित तो तेव्हाच निर्विवाद निर्दोष ठरला असता, किंवा कदाचित खटला उभा राहिला असता. दहा महिन्यांच्या ढिलाईने दोघांचंही उत्तर हिरावून घेतलं. आणि या दहा महिन्यांतला एकही दिवस लवकर खटल्याच्या हक्कात मोजला जात नाही.

म्हणजे पोलीस आणि सरकारी वकील खेळाडूंना सांभाळून घेतात?

कधी हो, कधी नेमकं उलट. छोट्या विद्यापीठ-गावात संघ हाच सगळ्यात मोठा धंदा असतो. पोलीस सुट्टीच्या दिवशी स्टेडियमच्या बंदोबस्ताची पगारी ड्युटी करतात. जिल्हा सरकारी वकील बहुतेक राज्यांत निवडून येतो, म्हणजे मतदार आणि संघाचे चाहते एकच. शिवाय मोठ्या संघांच्या खेळाडूंच्या पाठीशी अनुभवी वकील लगेच उभे राहतात. पोलिसांशी बोलू नकोस, हा पहिला सल्ला त्यांना पहिल्याच तासात मिळतो. हा सल्ला कायदेशीर आहे आणि योग्यही आहे. तो गॅरेजमध्ये काम करणाऱ्या विशीतल्या मुलाला मिळत नाही, एवढंच.

उलट बाजू बघायची तर ड्यूक. मार्च २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) संघातल्या खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. सरकारी वकील माइक नायफाँग यांची मे महिन्यात निवडणूक होती. डीएनए अहवालातली खेळाडूंच्या बाजूची माहिती बचाव पक्षापासून दडवून त्यांनी तिघांवर आरोप ठेवले. विद्यापीठाने तोवर संघाचा हंगामच रद्द केला होता आणि प्रशिक्षकाला जावं लागलं होतं. ११ एप्रिल २००७ ला राज्याचे महाधिवक्ता रॉय कूपर यांनी सगळे आरोप मागे घेतले आणि तिघे निर्दोष आहेत असं शब्द न फिरवता सांगितलं. नायफाँग यांची सनद जूनमध्ये गेली. आरोप करणाऱ्या बाईने २०२४ मध्ये खोटं बोलल्याचं कबूल केलं.

तिथे घाई आरोप ठेवण्यात झाली आणि उशीर आरोप मागे घेण्यात. उशिराबद्दल बोलताना हा प्रकार लोक विसरतात.

तारखा मागतं कोण?

बहुतेक वेळा बचाव पक्ष. साक्षीदारांच्या आठवणी पुसट होतात, लोकांचा राग निवतो, फिर्यादी थकतो. पण सगळाच डावपेच नसतो. एका फोनमधला सगळा मजकूर म्हणजे हजारो पानं. ती तपासल्याशिवाय कुठलाही प्रामाणिक वकील उभा राहणार नाही. सरकारी प्रयोगशाळांत डीएनएची रांग असते. सरकारने नेमून दिलेल्या वकिलांकडे एकाच वेळी शेकडो प्रकरणं असतात. २०२० मध्ये करोनामुळे ज्युरीचे खटले देशभर थांबले आणि त्या तुंबाऱ्याचा निचरा व्हायला काही ठिकाणी कित्येक वर्षं लागली. दोन्ही बाजूंनी संमतीने तारीख घेणं तर रोजचंच.

विद्यापीठं कोर्टाची वाट पाहतात का?

पाहायलाच हवी असं नाही, पण वाट पाहणं सोयीचं असतं. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हटलं की पत्रकार परिषद संपते.

विद्यापीठाची स्वतःची चौकशी चालते ती १९७२ च्या टायटल नाइन या कायद्याखाली. शिक्षणसंस्थेत लिंगभेद होऊ नये यासाठी तो आला, पुढे लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीही त्यात आल्या. ओबामा सरकारने २०११ मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून चौकशीला साधारण ६० दिवस पुरेत असं म्हटलं. २०१७ मध्ये ते पत्र मागे घेतलं गेलं. २०२० च्या नियमांनी प्रत्यक्ष सुनावणी आणि उलटतपासणी आणली, ठरावीक दिवसांची मर्यादा ठेवली नाही आणि पोलीस तपास चालू असेल तर तात्पुरती स्थगिती चालेल असं सांगितलं. बायडन सरकारचे २०२४ चे नियम जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केल्याने पुन्हा २०२० चेच लागू झाले. त्यात एक फट आहे: आरोपी विद्यार्थी विद्यापीठ सोडून गेला तर तक्रार निकाली काढण्याची मुभा संस्थेला आहे. खेळाडूंना आता संघ बदलणं पूर्वीपेक्षा कितीतरी सोपं झालंय, हे लक्षात घेतलं की या फटीचा आकार कळतो.

आरोपीची अडचणही खरी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा क्विन्टेझ सेफस याच्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये आरोप ठेवले गेले. विद्यापीठाच्या चौकशीत तोंड उघडावं तर तेच कोर्टात विरोधात वापरलं जाईल, गप्प राहावं तर इथे हार. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत चौकशी थांबवा, अशी विनंती त्याने केली. विद्यापीठाने थांबायला नकार दिला आणि २०१९ च्या वसंतात त्याला काढून टाकलं. ऑगस्टमध्ये ज्युरीने तासाभराच्या आत त्याला निर्दोष सोडलं. त्याच महिन्यात कुलगुरूंनी त्याला परत घेतलं, तो त्या हंगामात खेळला आणि पुढे डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघात गेला. खटला लवकर उभा राहिला असता तर त्याला दोन दरवाजांत अडकावं लागलं नसतं.

खटला चालू असताना खेळाडूला खेळता येतं का?

देशभर लागू होणारा एक नियम नाही. कॉलेज खेळांची शिखरसंस्था असलेल्या एनसीएएने खेळाडूंकडून दरवर्षी लैंगिक आणि हिंसक गुन्ह्यांबद्दलची माहिती भरून घेण्याचं धोरण आणलं आहे, पण आरोप असलेल्याला खेळवायचं की नाही हे विद्यापीठावर सोडलं आहे. त्यामुळे दोन टोकं दिसतात.

एक टोक बेलर. टेक्ससमधल्या या विद्यापीठाच्या सॅम उक्वाचू या फुटबॉलपटूवर जून २०१४ मध्ये आरोपपत्र दाखल झालं. वर्षभर बाहेर फारशी वाच्यता नाही. त्याला मैदानात उतरवलं गेलं नाही, पण का, हे सांगितलं नाही. उलट २०१५ च्या उन्हाळ्यात संघाच्या एका प्रशिक्षकाने तो येत्या हंगामात खेळेल अशी आशा जाहीरपणे व्यक्त केली. ऑगस्टमध्ये तो दोषी ठरला आणि तेव्हा कुठे देशाला कळलं. त्यातून जे बाहेर येत गेलं, त्यात २०१६ मध्ये मुख्य प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांची नोकरी गेली आणि अध्यक्ष केन स्टार यांना पद सोडावं लागलं. हे तेच स्टार, ज्यांनी क्लिंटन यांची चौकशी केली होती. खटला तिथेही संपला नाही: २०१७ मध्ये बेलरच्याच गावच्या, वेकोच्या अपील न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला, २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने तो उलटवला.

दुसरं टोक इलिनॉय. बास्केटबॉलपटू टेरेन्स शॅननवर डिसेंबर २०२३ मध्ये कॅन्ससमध्ये आरोप ठेवले गेले आणि विद्यापीठाने लगेच निलंबित केलं. तो संघराज्याच्या न्यायालयात गेला. हा शेवटचा हंगाम आहे, जाहिरातींचे करार आणि एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची निवड यावर अवलंबून आहे, चौकशीशिवाय हे काढून घेता येत नाही, असं त्याचं म्हणणं. जानेवारीत न्यायाधीशांनी ते मान्य करून त्याला खेळू दिलं. संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचला. जूनमध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं आणि दोन आठवड्यांत एनबीएच्या निवडीत त्याला २७ वं स्थान मिळालं. आरोपापासून निकालापर्यंत जेमतेम सहा महिने. हे होऊ शकतं, दोन्ही बाजू तयार असतील तर.

खेळाडूंच्या बाबतीत वेळ इतका महत्त्वाचा का ठरतो?

कारण कॉलेज खेळाचं आयुष्य पाच वर्षांचं. डिव्हिजन वनचा (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटाचा) बरीच वर्षं चालत आलेला नियम असा, की कॉलेजात नाव घातल्यापासून पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे. या नियमावर कोर्टात वाद झाले आहेत. अशा वेळी १८ महिन्यांची तारीख म्हणजे निर्दोष माणसाची जवळजवळ एक-तृतीयांश कारकीर्द. दोषी माणसाला मात्र तेवढ्याच काळात दोन हंगाम खेळून निघून जाता येतं, विद्यापीठाने डोळेझाक केली तर. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि २०२५ पासून विद्यापीठंही त्यांना थेट वाटा देऊ लागली आहेत, त्यामुळे प्रत्येक हंगामाची किंमत डॉलरमध्ये मांडता येते.

गेलेला हंगाम परत मिळतो का, असंही विचारतात. ड्यूकच्या संघातल्या ३३ खेळाडूंना एनसीएएने २००७ मध्ये एक जादा वर्ष दिलं होतं. तो अपवाद होता.

पीडितेला लवकर न्यायाचा हक्क नाही का?

कागदावर आहे. संघराज्याच्या न्यायालयांत २००४ च्या कायद्याने पीडितांना ‘अवाजवी उशिराविना’ कामकाजाचा हक्क दिला. टेनेसीच्या तर घटनेतच १९९८ पासून पीडितांना लवकर खटल्याचा आणि निकालानंतर लवकर शेवटाचा हक्क आहे. तेच टेनेसी, जिथे व्हँडरबिल्टचं प्रकरण पाच वर्षं चाललं. आरोपीचा हक्क मोडला तर खटला रद्द होतो. पीडितेचा हक्क मोडला तर काय होतं? व्यवहारात काहीच नाही.

उशिराने नेहमी आरोपीचाच फायदा होतो?

जामिनावर बाहेर असेल तर बहुधा. कोठडीत असेल तर उशीर हीच शिक्षा. जानेवारी २०२३ मध्ये अलाबामातल्या टस्कलूसा इथे एका तरुण आईचा गोळी लागून मृत्यू झाला. अटक झालेल्या दोघांपैकी एक अलाबामा विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू होता. आरोप फाशीची तरतूद असलेल्या खुनाचा, जामीन नाही. गोळी झाडणाऱ्या त्याच्या मित्राचा खटला २०२५ मध्ये चालून तो दोषी ठरला. तेव्हाही खेळाडूचा स्वतःचा खटला उभा राहिलेला नव्हता. आधी एकाला उभं करायचं, मग दुसऱ्याला: हे बार्करच्या काळापासून बदललेलं नाही.

आपल्याकडे याहून वेगळं आहे का?

आपल्या घटनेत लवकर खटल्याचा उल्लेख शब्दशः नाही. १९७९ च्या हुसेनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या कलम २१ मधून काढला. आणि पुढचा महत्त्वाचा निकाल आपल्याच माणसाच्या नावावर आहे: महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले. सिमेंट प्रकरणातल्या त्यांच्याविरुद्धच्या खटल्याच्या ओघात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९९१ च्या डिसेंबरात लवकर खटल्याची तत्त्वं घालून दिली. त्यात बार्कर निकालाची चर्चा आहे आणि ठरावीक मुदत घालायला त्याच्यासारखाच नकार आहे. २००२ मध्ये सात न्यायमूर्तींनी तेच कायम ठेवलं. तेव्हा केंटकीतल्या त्या १६ तहकुब्यांची छाया मुंबईच्या कोर्टापर्यंत पोहोचली आहे.

बातमीत ‘खटला पुढे ढकलला’ वाचल्यावर काय बघावं?

तारीख कुणी मागितली, हे आधी. कारण दिलंय का, की ‘उभयपक्षी संमतीने’ एवढंच? आरोपी आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर संघात आहे का? नवी तारीख हंगामाच्या आधीची की नंतरची? काउंटी न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की यातलं बरंचसं दिसतं, प्रत्येक अर्जाची नोंद असते. आणि तक्रार व आरोप यांत किती महिने गेले, हे मोजा. ते अंतर बातमीच्या मथळ्यात कधीच नसतं, खालच्या परिच्छेदात कुठेतरी असतं.

माझा मुलगा किंवा मुलगी तिकडे एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर खेळते आहे. असं काही अंगावर आलं तर?

वकील आधी, प्रशिक्षक नंतर. प्रशिक्षक कितीही जवळचा असला तरी तो विद्यापीठाचा नोकर आहे आणि त्याला सांगितलेलं बाहेर जाऊ शकतं. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो, शिक्षा व्हावी लागत नाही. व्हिसा रद्द झाला तरी देशातलं वास्तव्य लगेच बेकायदा ठरतंच असं नाही, पण एकदा बाहेर पडलं की नव्या व्हिसाशिवाय परत येता येत नाही, आणि तारखेला हजर राहिलं नाही तर अटकेचं वॉरंट निघतं. म्हणून प्रकरण चालू असताना दिवाळीला घरी येण्याचा बेत वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

किरकोळ गुन्हा कबूल करून मोकळं व्हा, असा सल्ला लांबलेल्या खटल्यात हमखास मिळतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पडिला निकालाप्रमाणे कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे परदेशी आरोपीला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. त्याने सांगितलं नाही तर विचारा, आणि इमिग्रेशनचं काम करणाऱ्या दुसऱ्या वकिलाकडून ते लेखी घ्या, सही करण्याआधी.